आधी मानक, मग प्रश्न: अमेरिकन साहित्य आणि इतिहासाच्या चाचण्या मानकांशी कशा जुळवाव्यात

अकरावीची प्रश्नपत्रिका तयार असते. उद्या ती विभागप्रमुखांकडे द्यायची असते आणि प्रत्येक प्रश्नासमोरचा मानकाच्या, म्हणजे मुलाला काय यायला हवं हे सांगणाऱ्या वाक्याच्या, कोडचा रकाना अजून रिकामा असतो. मग रात्री मानकांची यादी उघडून त्यातल्या त्यात जवळचा वाटेल तो कोड भरला जातो. अमेरिकेतल्या हायस्कुलात शिकवायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. निम्म्याहून अधिक प्रश्नांसमोर ‘पुरावा देणे’ हा एकच कोड होता आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांत पुरावा मागितलेलाच नव्हता. मुलं नेमकी कशात कमी पडत होती, ते मला त्या कागदांवरून सांगता येत नव्हतं.

हा लेख इंग्रजी किंवा सोशल स्टडीज शिकवणाऱ्यांसाठी आहे, त्यातही महाराष्ट्रात बी.एड. करून इकडे आलेल्यांसाठी. आपल्याला संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), भारांश, काठिण्यपातळी हे शब्द परके नाहीत. चूक होते ती कामाच्या क्रमात.

## तयारी: लिहायला बसण्यापूर्वी टेबलावर काय हवं

पाच गोष्टी गोळा करा: राज्याच्या मानकांची सध्या लागू असलेली प्रत, राज्याची वर्षअखेरीची परीक्षा असेल तर तिचा आराखडा, या घटकात प्रत्यक्ष काय शिकवलं याची नोंदवही, मागच्या वर्षीची चाचणी, आणि ज्या मुलांना सवलती मंजूर आहेत त्यांचे कागद. सवलती देणं कायद्याने बंधनकारक आहे. चाचणी छापून झाल्यावर त्या आठवल्या तर उताऱ्याची लांबी, वेळ, मांडणी सगळंच पुन्हा करावं लागतं.

प्रत सध्याची आहे ना, हे मुद्दाम बघा. कॉमन कोअर, म्हणजे अनेक राज्यांनी घेतलेली सामाईक मानकं, २०१० साली आलं. पुढे अनेक राज्यांनी ते नाव बदलून किंवा मजकूर बदलून वापरलं. त्यामुळे जुन्या चाचणीतला कोड आणि आजचा कोड दिसायला सारखे असले तरी त्यामागचं वाक्य वेगळं असू शकतं. नुसत्या कोडवर काम करू नका, पूर्ण वाक्य समोर ठेवा.

इतिहासाच्या शिक्षकांनी इथे थोडं थांबावं, कारण सर्वांत मोठी गफलत इथेच होते. कॉमन कोअरमध्ये ‘आरएच’ने सुरू होणारी मानकं इतिहास *वाचण्याची* आहेत. साधनातून पुरावा काढणं, दोन लेखकांचे दृष्टिकोन तपासणं अशी कौशल्यं त्यांत आहेत. यादवी युद्धाबद्दल मुलाला काय माहीत हवं, ते त्यांत लिहिलेलं नाही. सोशल स्टडीजसाठी २०१३ साली आलेली सी-थ्री चौकटसुद्धा चौकशीची पद्धत सांगते, आशयाची यादी देत नाही. आशय राज्याच्या स्वतःच्या मानकांत असतो. म्हणजे इतिहासाची चाचणी दोन याद्यांशी जुळवावी लागते. नुसत्या आरएच मानकांशी जुळवलेली चाचणी इंग्रजीच्या तासालाही चालली असती.

तपासणी: तुमच्या जुन्या चाचणीत साहित्याच्या एखाद्या प्रश्नासमोर ‘आरएल.८’ दिसतंय का? कॉमन कोअरमध्ये आठवं मानक साहित्याला लागूच नाही. दिसलं, तर कोड न वाचता भरले गेले होते.

## टप्पा १: मानक फोडा

एका घटकासाठी चार किंवा पाच मानकं निवडा. चौदा मानकांना एकेका प्रश्नाने शिवून जाणारी चाचणी भरगच्च दिसते, पण तिच्यातून कुठल्याच मानकाबद्दल काही कळत नाही.

निवडलेलं प्रत्येक मानक कागदावर उतरवा आणि त्यातल्या अटी वेगळ्या करा. आरएल.११-१२.९ घ्या (साहित्यवाचनाचं, अकरावी-बारावीचं नववं मानक). अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पायाभूत अमेरिकन साहित्यकृतींची जाण दाखवणं, आणि एकाच काळातल्या दोन किंवा अधिक कृती सारखा विषय कसा हाताळतात ते दाखवणं, असं ते मानक आहे. यात चार अटी आहेत: काळ, पायाभूत कृती, दोन कृती, सारखा विषय. एकाच कथेवर विचारलेला कुठलाही प्रश्न, तो कितीही चांगला असला तरी, हे मानक पूर्ण तपासू शकत नाही. दोन कृती निवडताना काळाची अट विसरून कुणी १८५० ची एक आणि १९५० ची एक अशी जोडी लावतं. तुलना सुंदर होते, पण मानक सुटतं.

मी यासाठी पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ आणि हॉथॉर्न यांची ‘द बर्थ-मार्क’ वापरते. दोन्ही कथा १८४३ साली ‘द पायोनियर’ या एकाच मासिकात आल्या. दोन्हींत समोरच्या माणसाच्या शरीरावरची एकच गोष्ट, एकीकडे डोळा आणि दुसरीकडे गालावरची खूण, नायकाच्या डोक्यात घर करते आणि शेवटी त्या माणसाचा जीव जातो. काळ आणि विषय या दोन्ही अटी एका झटक्यात भागतात.

इतिहासाचं उदाहरण जॉर्जियाच्या मानकांतलं, एसएसयूएसएच-८ मधलं ‘ई’ हे उपकलम. कॅन्सस-नेब्रास्का कायदा, लोकमताने गुलामगिरीचा निर्णय घेण्याच्या कल्पनेचं अपयश, ड्रेड स्कॉट खटला, हार्पर्स फेरीवरचा जॉन ब्राउनचा हल्ला आणि १८६० ची निवडणूक यांचं यादवी युद्धाकडे नेणाऱ्या घटना म्हणून *मूल्यमापन करणं*, असा त्याचा आशय आहे. इथे नामं पाच आहेत, पण क्रियापद एकच, आणि ते ‘सांगा’ असं नाही. आपल्याकडची ‘जोड्या लावा’ची सवय या कलमावर चालवली तर पाचही नामं येतात आणि क्रियापद गळून पडतं.

## टप्पा २: ‘हे याला आलं’ असं कधी म्हणाल?

प्रत्येक मानकाखाली एक वाक्य लिहा: *मुलाने अमुक केलेलं दिसलं, तर मला पटेल.* हे वाक्य लिहीपर्यंत एकही प्रश्न लिहायचा नाही.

वरच्या ‘ई’ कलमासाठी माझं वाक्य असं: ‘दोन घटनांची तुलना करून कोणत्या घटनेने तडजोडीची वाट जास्त अरुंद केली, ते मूल ठरवतं आणि त्यासाठी त्या घटनेचा प्रत्यक्ष परिणाम पुढे करतं.’ वाक्य असं उघड लिहिलं की सन विचारणारा प्रश्न त्यात बसत नाही, हे आपोआप दिसतं. वाक्यात ‘समजतं’, ‘जाणतं’ असे शब्द आले तर ते खोडा. समजलेलं कागदावर कसं दिसेल, ते लिहा.

## टप्पा ३: संविधान तक्ता

आपल्या बी.एड.च्या तक्त्यात एका बाजूला घटक आणि दुसऱ्या बाजूला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टं असायची. इथे आडव्या ओळींत मानकं येतात आणि उभ्या रकान्यांत विचाराची खोली. खोलीसाठी इकडच्या शाळांत नॉर्मन वेब यांच्या चार पातळ्या चालतात: आठवणं, संकल्पना वापरणं, पुराव्यानिशी युक्तिवाद करणं, आणि बऱ्याच काळात पुरं होणारं विस्तृत काम. चौथी पातळी पन्नास मिनिटांच्या चाचणीत बसत नाही. ती बसवल्याचा दावा करू नका.

१९९७ साली वेब यांनी चाचणी आणि मानकं जुळतात का हे तपासायचे जे मापदंड मांडले, त्यांतले तीन आपल्या कामाचे आहेत. एका मुख्य मानकावर किमान सहा प्रश्न हवेत. त्यांतले किमान निम्मे मानकाच्या पातळीचे किंवा त्याहून वरचे हवेत. त्या मानकाखालच्या उपकलमांपैकी किमान निम्म्यांना स्पर्श व्हायला हवा. हे आकडे राज्यपातळीच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून आहेत. वर्गातल्या चाचणीत एका मानकावर तीन प्रश्न आणि पुढच्या चाचणीत आणखी तीन, एवढं मी पुरेसं मानते. निम्म्यांची अट मात्र मी सोडत नाही.

१८२० ते १८६१ या घटकाचा माझा चाळीस गुणांचा तक्ता असा:

- एसएसयूएसएच-८, आशय: १८ गुण, त्यांतले १० तिसऱ्या पातळीवर
- आरएच.१, साधनातून पुरावा: ८ गुण
- आरएच.६, एकाच प्रश्नावर दोन लेखकांचे दृष्टिकोन: ८ गुण
- आरएच.९, अनेक साधनं जुळवून त्यांतल्या विसंगती टिपणं: ६ गुण

सावधान: प्रश्नातल्या क्रियापदावरून पातळी ठरवू नका. ‘विश्लेषण करा’ असं लिहिलं म्हणून प्रश्न तिसऱ्या पातळीवर जात नाही. वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं विश्लेषण मूल उतरवत असेल, तर ती पहिलीच पातळी. आपली ‘कारणे द्या’ याच सापळ्यात अडकतात.

## टप्पा ४: उतारे आणि साधनं

वाचनाचं मानक तपासायचं असेल तर वर्गात न वाचलेला उतारा द्या, किंवा वाचलेल्या कृतीतला चर्चा न झालेला भाग द्या. चर्चा झालेल्या परिच्छेदावरचा प्रश्न मुलांची वही तपासतो.

हक्कांची बाब: अमेरिकेत १९२९ पर्यंत प्रसिद्ध झालेलं साहित्य मोकळं आहे, आणि संघराज्य सरकारने तयार केलेले दस्तऐवज, न्यायालयाचे निकाल धरून, कॉपीराइटमध्ये येत नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल आर्काइव्हज यांच्या संकेतस्थळांवर मूळ साधनं फुकट मिळतात. मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं भाषण मात्र कॉपीराइटखाली आहे. ते सगळीकडे दिसतं म्हणून मोकळं समजू नका.

उतारा कापताना काय तुटतं, ते बघा. गुलामगिरीतून सुटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरला केलेल्या भाषणाचा जळजळीत भाग सगळे घेतात. पण त्याआधी ते देशाच्या संस्थापकांचा बराच वेळ आदराने गौरव करतात, आणि मग स्वातंत्र्यदिनाचा हा उत्सव तुमचा आहे, माझा नाही, असं वळण घेतात. रचनेचा परिणाम तपासणारा प्रश्न विचारायचा असेल तर वळणाच्या दोन्ही बाजू उताऱ्यात हव्यात. लिंकन यांचं दुसरं उद्घाटनपर भाषण, ४ मार्च १८६५ चं, जेमतेम सातशे शब्दांचं आहे. आरआय.११-१२.९ या माहितीपर मजकूर वाचण्याच्या मानकात त्याचं नावच घेतलेलं आहे. ते कापू नका, पूर्ण द्या.

गुलामगिरीच्या काळातल्या साधनांत अपमानकारक शब्द येतात. असा उतारा चाचणीत पहिल्यांदाच मुलांसमोर येऊ नये. वर्गात आधी त्याबद्दल बोला आणि विभागप्रमुखांना कळवून ठेवा.

## टप्पा ५: प्रश्न लिहिणं

इथे एकच उदाहरण सविस्तर बघू, कारण एकाच साधनातून वेगवेगळ्या मानकांचे प्रश्न कसे निघतात ते त्यात दिसतं.

ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्याचा निकाल मार्च १८५७ मध्ये लागला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की काळे लोक संविधानाच्या अर्थाने नागरिक नाहीत आणि राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, नाही. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी मत लिहिलं. संविधानाच्या आधीच्या काळात पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क होता, हा त्यांचा ठोस मुद्दा. दोघांच्या लेखनातला एकेक परिच्छेद मुलांसमोर ठेवा.

*इंग्रजीचा प्रश्न, आरआय.८:* कर्टिस यांचा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे, आणि मतदानाच्या हक्काचा दाखला त्या गृहीतकाला कसा आधार देतो? हे मानक महत्त्वाच्या अमेरिकी लेखनातला तर्क तपासायला सांगतं, आणि न्यायालयाची बहुमताची व विरोधी मतं ही त्यातलीच उदाहरणं आहेत.

*इतिहास वाचनाचा प्रश्न, आरएच.६:* दोघेही स्थापनेच्या काळाचाच आधार घेतात. नागरिकत्वाबद्दल कोणाचा पुरावा अधिक भक्कम आहे? दोन्ही उताऱ्यांतून एकेक तपशील देऊन ठरवा.

*आशयाचा प्रश्न, एसएसयूएसएच-८ ‘ई’:* या निकालाने रिपब्लिकन पक्षाच्या मुख्य भूमिकेला कसा धक्का दिला, आणि १८६० च्या निवडणुकीपर्यंत त्याचे पडसाद कसे उमटले?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात नाही. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही ही त्या पक्षाची भूमिका होती, आणि काँग्रेसला तसं करण्याचा अधिकारच नाही असं न्यायालय म्हणालं, हे मुलाला आधी माहीत असावं लागतं. यातून जी तपासणी निघते, ती माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

तपासणी, उतारा झाकून: उतारा हाताने झाका आणि प्रश्न सोडवून बघा. वाचनाचं मानक असेल आणि तरीही उत्तर येत असेल, तर प्रश्न बाद. आता उलटं करा. हा घटक शिकलेला नाही, फक्त वाचता चांगलं येतं, अशा मुलाच्या नजरेने उताऱ्यासकट प्रश्न वाचा. आशयाचं मानक असेल आणि त्या मुलाला उत्तर येत असेल, तरीही प्रश्न बाद.

साहित्यातही हेच. पो यांच्या १८४६ च्या ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’मध्ये मॉन्ट्रेसॉर, ज्याला मारायला निघाला आहे त्याच फॉर्च्युनाटोला दीर्घायुष्य चिंततो. आरएल.६ हे मानक शब्दशः म्हटलेलं आणि खरोखर अभिप्रेत असलेलं यातला फरक ओळखायला सांगतं. ‘या कथेत कोणता अलंकार आहे?’ हा प्रश्न व्याख्या तपासतो. ‘मॉन्ट्रेसॉरच्या शुभेच्छेचा अर्थ वाचकाला फॉर्च्युनाटोपेक्षा वेगळा का कळतो? कथेतल्या आधीच्या कोणत्या माहितीमुळे?’ हा प्रश्न मानकाला धरून आहे.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल थोडक्यात. चुकीचे पर्याय मुलांच्या वह्यांतल्या खऱ्या चुकांतून घ्या, नुसते भरतीचे नकोत. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब नको. ‘पुढीलपैकी कोणते नाही’ हा साचा टाळा. आधी अर्थ विचारून मग त्याचा पुरावा निवडायला लावणारा दोन भागांचा प्रश्न चांगला असतो, पण पहिला भाग चुकला की दुसरा आपोआप चुकतो. गुण कसे द्यायचे ते छापण्यापूर्वी ठरवा. आणि प्रश्नाची इंग्रजी उताऱ्यापेक्षा अवघड करू नका. घरी दुसरी भाषा बोलणारं मूल उतारा समजून घेतं आणि प्रश्नाच्या वाक्यात अडखळतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. ते बघून वाईट वाटतं, कारण त्याला येत असतं.

## टप्पा ६: गुणदान

रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण हे सांगणारा तक्ता, चाचणी छापण्यापूर्वी लिहा. मानकाचंच वाक्य घेऊन त्याला ‘उत्तम’, ‘बरं’, ‘कमी’ अशी विशेषणं लावली तर रुब्रिक होत नाही. टप्पा २ मधलं तुमचं वाक्य घ्या आणि पूर्ण गुणांच्या, अर्ध्या गुणांच्या उत्तरात काय *दिसतं* ते लिहा. सोबत स्वतः एक नमुना उत्तर लिहा, तेही घड्याळ लावून. तुम्हाला पंचवीस मिनिटं लागली तर मुलांना ते पन्नासात जमणार नाही.

एकाच निबंधावर वाचन, युक्तिवादाचं लेखन आणि भाषा अशी तीन मानकं तपासता येतात, पण गुणांचे रकाने तीन हवेत. पुरावा अचूक निवडलेल्या मुलाचे आरएच.१ चे गुण स्वल्पविरामांसाठी कापले, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

## टप्पा ७: दुसऱ्या शिक्षकाकडून जुळणी

सगळे कोड आणि पातळ्या पुसलेली प्रत सहकाऱ्याला द्या, सोबत मानकांची यादी द्या. प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून मग त्यांनी कोड आणि पातळी लिहावी. तुमचं आणि त्यांचं जुळलं नाही तिथे प्रश्नाचा बचाव करत बसू नका. तुमच्या मनात काय होतं ते मुलांनाही दिसणार नाही. प्रश्न बदला, नाहीतर कोड बदला. कोड बदलला तर तक्त्यातली बेरीज पुन्हा करा. ही बेरीज राहून जाते आणि एका मानकाचे गुण गुपचूप निम्मे होतात.

शाळेत विषयाचे तुम्ही एकटेच असाल, तर इंग्रजीवाल्याने इतिहासवाल्याला आणि इतिहासवाल्याने इंग्रजीवाल्याला द्यावं. दस्तऐवजांवरच्या प्रश्नांना तर ही अदलाबदल जास्तच मानवते.

## टप्पा ८: चाचणी झाल्यावर

एकूण टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रश्न किती मुलांनी बरोबर सोडवला ते काढा. एखादा प्रश्न वर्गातल्या भक्कम मुलांनी चुकवला आणि चाचपडणाऱ्यांनी बरोबर सोडवला असेल, तर आधी उत्तरसूची तपासा, मग प्रश्नातली संदिग्धता. प्रश्न सदोष निघाला तर तो सर्वांसाठी रद्द करा आणि मुलांना तसं सांगा.

मग मानकवार गुण मांडा. एका प्रश्नावरून ‘याला आरएच.६ येत नाही’ असं पालकसभेत सांगू नका, किमान तीन प्रश्न हातात हवेत. आणि एखाद्या मानकात अख्खा वर्गच खाली असेल तर तयारीतली नोंदवही पुन्हा उघडा. एका वर्षी माझे सगळे विद्यार्थी दोन साधनांतली विसंगती टिपण्यात पडले होते. नोंदवहीत बघितलं, तर सहा आठवड्यांत मी त्यांच्यासमोर दोन साधनं एकत्र एकदाच ठेवली होती. पुढच्या सोमवारी आम्ही टॅनी आणि कर्टिस पुन्हा बाकावर घेतले, आणि शुक्रवारी त्या एका मानकाची सहा गुणांची छोटी चाचणी नव्या साधनांवर घेतली.

दुरुस्त केलेला प्रत्येक प्रश्न मानक, पातळी, उतारा आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण यांसह एका फाइलमध्ये ठेवा. मानकांच्या प्रतीचं वर्षही त्याच ओळीत लिहा, म्हणजे राज्याने मजकूर बदलला की कोणते प्रश्न पुन्हा तपासायचे ते लगेच सापडतं.